नदीकाठच्या कचऱ्याची तक्रार

लढाईच्या दिवसांत मी संगमनेरात मास्तर होतो. आमच्या घरामागे नदीच्या उतारावर एक विडीवाला व्यापारी कुजका तंबाखू गाडीने आणून टाकायचा. मी म्युनिसिपालिटीत लेखी तक्रार केली. इन्स्पेक्टर आला, व्यापाऱ्याकडे चहा प्यायला आणि आमच्या आळीतल्या म्युनिसिपालिटीच्या झाडूवालीला म्हणाला, "हे तूच टाकलंस."

"न्हाई साहेब. मास्तरांनी गाडी बघितली हाय."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. व्यापारी आमच्या शाळेच्या कमिटीवर होता.

"गाडी कुणाची ते नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

तिने तो ढीग दिवसभर डोक्यावरून गावाबाहेर वाहिला. टोपलीतून गळणाऱ्या तंबाखूच्या पाण्याने तिचे डोळे सुजले. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. तक्रार मिटल्याच्या कागदावर मी सही केली.