टोपी उतरवणारे तलवाडकर गुरुजी

निजामाच्या अमलात केजच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि माझा वर्ग मुका होता. प्रश्न विचारला की चाळीस मुले माना खाली घालत. तपासणीत पुन्हा असेच झाले तर नोकरी जाणार, हे मला स्पष्ट सांगण्यात आले होते. त्याच सुमारास माधवराव तलवाडकर गुरुजी आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, होऊन आले.

ते तीन दिवस मागच्या रांगेत मांडी घालून नुसते बसले. मला त्यांचा भारी राग आला. चौथ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, तुमी सवाल इचारण्याआधी टोपी सावरता. तुमच्या आधीचे मास्तर मारण्याआधी सावरायचे. पोरांनी सांगितलं मला. सवाल ऐकतंय कोण? थप्पड कवा येती, तेच बघतेत. ह्याला मानसशास्त्र म्हणतेत." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

सवय मोडेना, हात आपोआप वर जाई. शेवटी दार लोटून मी बोडक्याने शिकवू लागलो. आठवड्यात पोरे इतकी बोलू लागली की आवरेनात.

पण तपासणीस साहेबांपुढे बोडक्याने उभे राहणे म्हणजे धडधडीत बेअदबी. त्या दिवशी मी टोपी घालूनच उभा होतो. साहेब आत आले, आणि गुरुजींनी सर्वांदेखत स्वतःची लाल, गोंडेदार रूमी टोपी काढून मेजावर ठेवली. मला म्हणाले, "काढा तुमी बी."

"ये क्या बदतमीजी है?" साहेब कडाडले.

"गुन्हा माझा हाय, साहेब. आधी पोरांचं ऐका."

मी टोपी काढली, प्रश्न विचारला. मग कोपऱ्यातून, "म्या सांगू, मास्तर?" आणि पाठोपाठ सारा वर्ग उठला. माझी नोकरी वाचली.

गुरुजींच्या ज्ञानाबद्दल इतर मित्र लिहितीलच. मला एवढेच सांगायचे आहे, की या गौरवग्रंथासाठी माहिती जमवताना जुन्या कारकुनाने मला एक गोष्ट सांगितली. त्या बेअदबीपायी गुरुजींची बीडची बढती कायमची रद्द झाली होती. वीस वर्षे आम्ही रोज एकत्र चहा घेतला, पण त्यांनी अवाक्षर काढले नाही. मी तडक गुरुजींच्या घरी जाऊन विचारले, तर म्हणाले, "बीडचं पाणी मला मानवलं नसतं."

साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या गुरुजींना ईश्वर निरोगी शंभर वर्षे देवो. माणसाचे मन ओळखणाऱ्या या माणसाला खोटे मात्र अजिबात बोलता येत नाही.