गिरिजाबाईंचे बदललेले मालक

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बेंबळीच्या महालिंगप्पांची खोड जिवंतपणीच गेली, आणि त्यांच्या बायकोची, गिरिजाबाईंची, झोप उडाली.

महालिंगप्पा आडत दुकानदार. व्यवहाराला चोख, पण तोंडाने फाटके. दुकानात चढलेला आवाज घरी आल्यावरही खाली येत नसे. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, तरी बायकोला नावानं हाक नाही. 'अगं ए' हीच हाक. चहा निवला की कप अंगणात. गिरिजाबाई पदराआड पुटपुटत आणि दुसरा कप आणत.

गेल्या दिवाळीनंतर महालिंगप्पांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, वाचा वाचली, डावा हात मात्र लुळा पडला. बोटं थोडी वळत, पण हात पेलत नसे. आणि दवाखान्यातून घरी आले ते दुसरेच महालिंगप्पा. "गिरिजे, जेवलीस का?" असं विचारू लागले. भाकरी वाढली की त्यांचे डोळे भरून येत. एकदा गिरिजाबाईंना ठेच लागली, तर रडले मालक! शेजारच्या सीताबाई म्हणाल्या, "म्हातारपणी नशीब काढलंस बाई." गिरिजाबाईंना मात्र काही सुचेना. ओरडणाऱ्या नवऱ्याशी कसं वागायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. रडणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं असतं?

सकाळी महालिंगप्पा गळ्यातलं इष्टलिंग काढून पूजेला बसत. लिंग घ्यायचं ते डाव्या तळहातावर. म्हणून गिरिजाबाई शेजारी बसून त्यांच्या तळव्याखाली आपला तळवा धरत. पूजा संपली तरी मालक हात काढून घेत नसत. एवढा वेळ नवऱ्याचा हात हातात धरायचा योग त्यांना लग्नातही आला नव्हता. बाईंना ते आवडायचं, आणि आवडतंय म्हणून लाजही वाटायची.

अशात वर्षाराणी आली. मूळची ईट गावची पोर, पुण्याला मेंदूवर संशोधन करणारी. दुखावलेला मेंदू नव्यानं कसा शिकतो, त्यात माणसाचा राग-लोभ कसा बदलतो, हे ती अशा रोग्यांच्या घरी जाऊन बघत होती.

"काकू, एक पाट फुटला तर पाणी दुसऱ्या पाटानं नेता येतं. मेंदूचं तसंच. पण रोज वळवावं लागतं," ती म्हणाली. चांगल्या उजव्या हाताला कापडी पिशवी बांधायची, आणि जेवण, तांब्या, सगळं डाव्यानं करायला लावायचं.

"हात सुधारला की मालकबी व्हतील का? पयल्यासारखे?" गिरिजाबाईंनी भीत भीत विचारलं.

वर्षाराणीला वाटलं, बाईला आस लागलीय. "होतील की काकू! अगदी पहिल्यासारखे!"

गिरिजाबाईंनी पिशवी हळूच बाजूला सारली.

ती गेली आणि पिशवी खुंटीला लागली. बाई मालकांना आपल्या हातानं घास भरवू लागल्या. लुळ्या हाताकडं बघून जीव तुटायचा. नवऱ्याला आपणच पांगळा ठेवतोय, हे पाप कुठं फेडायचं? पण पिशवीला हात घातला की कानात 'अगं ए' घुमायचं.

पुढच्या फेरीत वर्षाराणीनं हात तपासला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. गिरिजाबाईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"पोरी, खरं सांग. ही माया ह्यांची हाय का आजाराची?"

"काकू, नक्की आम्हालाही कळत नाही. या आजारात रडू लवकर येतं, हे खरं. पण आत होतं तेच बाहेर आलं असेल, तर ते कसं मोजायचं? आणि हात सुधारला म्हणून स्वभाव मागं जातो, असंही नाही. त्या दिवशी मी उगाच बोलून गेले."

एवढं शिकलेल्या पोरीला कळत नाही, तर आपण कुणाला विचारावं? गिरिजाबाई आणखीच गोंधळल्या.

मग एका सकाळी चहाला उशीर झाला, आणि ओसरीवरून खणखणीत आवाज आला, "अगं ए! च्या कुठंय?"

बाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली. जुना माणूस आला, आणि तोही पिशवी न बांधता! हात तर तसाच लुळा. मग इतके दिवस आपण राखलं तरी काय? त्या कप घेऊन बाहेर गेल्या आणि तोंडून निघून गेलं, "वरडू नका. ऐकाय येतंय मला."

उभ्या संसारात असं कधी बोलल्या नव्हत्या. स्वतःच दचकल्या. महालिंगप्पा टकामका बघत राहिले. आता कप अंगणात जाणार म्हणून बाई थांबल्या. कप काही गेला नाही. मग त्यांनी आतून पिशवी आणली, मालकांच्या उजव्या हातावर चढवून नाडी बांधली आणि कप डावीकडं सरकवला.

"घ्या. डाव्या हातानं."

निम्मा चहा धोतरावर सांडला. उरलेला पिऊन महालिंगप्पांनी विचारलं, "तुजा कुठंय?"

हे जुन्यानं विचारलं की नव्यानं, गिरिजाबाईंना काही केल्या कळेना. त्या आत गेल्या, आपला कप घेऊन आल्या आणि मालकांच्या समोर बसून प्यायल्या.