समुद्राकडे पाठ

एजियन समुद्रातल्या त्या ग्रीक बेटावरचं जुनं गाव डोंगरावर चढून बसलंय. पूर्वी समुद्रातून चाचे यायचे, म्हणून घरांना त्या बाजूला खिडकीच नसे. आता त्याच भिंती फोडून मोठमोठ्या काचा बसवल्यात, आणि काचांमागे माझ्यासारखे प्रवासी कॉफी पीत बसतात.

मी उतरलो होतो त्या घरची म्हातारी मात्र रोज अंगणात समुद्राकडे पाठ करून घेवडा सोलत बसायची. न राहवून मी विचारलं, "आजी, एवढा सुंदर समुद्र सोडून भिंतीकडे काय बघता?"

सुनेनं माझा प्रश्न तिला ग्रीकमध्ये सांगितला. म्हातारीनं मानही वर केली नाही. "तिकडून व्हेनिसवाले आले, तुर्क आले, इटालियन आले," ती म्हणाली. "सगळ्यांना सुंदरच वाटलं."

कोकणातली आमची खाडीकाठची जागा बघायला आलेली माणसंही आधी 'काय सुंदर आहे' असंच म्हणाली होती. आज तिथं त्यांचं कुंपण आहे.

"आणि तुम्ही कसे आलात?" म्हातारीनं विचारलं.

"बोटीनं," मी म्हणालो.

ती पुन्हा घेवडा सोलू लागली. सुनेनं माझ्यासाठी खुर्ची आणली आणि न विचारताच समुद्राकडे तोंड करून ठेवली. मी बसलो.