बिनजिवाणूंचा तलाव

प्लेटवर एकही ठिपका नव्हता, आणि इंजिनियर साहेब माझ्या टेबलासमोर बसून पेढे मागवायच्या बेतात होते.

"म्हणजे पाणी फर्स्ट क्लास. करा सही मॅडम. फिल्टरचा खर्चा वाचला."

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी जालन्याच्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे. भोकरदन तालुक्यातल्या एका गावाला तलावाचं पाणी नळाने जायचं. वाटेतला फिल्टर कधीचा बंद. गावात हगवण पसरली होती, आणि सरपंच कौसाबाई फिल्टर दुरुस्त करा म्हणून साहेबांच्या मागे लागल्या होत्या. त्यांचा स्वतःचा नातू सलाईनवर होता. साहेबांनी आणलेल्या नमुन्यावर माझी सही झाली, की फिल्टरचा विषय संपणार होता.

प्लेट म्हणजे काचेच्या बशीत खुराक घातलेली जेली. तिच्यावर पाण्याचा थेंब पसरून ऊबेत ठेवायचा. जिवंत जिवाणू वाढला की डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. ठिपके मोजायचे. तलावातल्या बहुतेक जिवाणूंना आपली जेली रुचत नाही, म्हणून हा आकडा नेहमी कमीच येतो. पण शून्य? म्हशी डुंबतात त्या तलावात? एवढं निर्मळ पाणी आमच्या लॅबच्या नळालाही येत नव्हतं.

"थांबा साहेब. दुसऱ्या पद्धतीनं बघू."

"पद्धती कशाला वाढवता? एक आकडा आला ना बराबर?"

दुसऱ्या पद्धतीत पाण्यात एक रंग घालतात आणि ते अतिसूक्ष्म छिद्रांच्या काळ्या पापुद्र्यातून ओढतात. जिवाणू वर अडकतात आणि खास प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली चमकतात. भिंगातल्या चौकटींत ते मोजायचे आणि गुणाकार करायचा. तिथल्याच पट्टीवर लांबी कळते. तलावातले बहुतेक जिवाणू उपाशी आणि ठेंगणे, एका मायक्रॉनहूनही लहान. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सांडपाण्यावर पोसलेले सहसा धष्टपुष्ट असतात.

चौकटी गच्च भरल्या होत्या. ठेंगणेही होते, धष्टपुष्टही. साहेबांनाच बघायला लावलं.

"मग प्लेटवर का नाही आले?"

"मेलेत म्हणून. या रंगाला जिवंत-मेलेलं कळत नाही."

"मेलेले कोणाला चावत नाहीत," साहेब म्हणाले.

या माणसाच्या हाती अख्ख्या तालुक्याचं पाणी होतं. मला संताप आला.

एवढे जिवाणू एकदम मेले कसे? उरलेल्या नमुन्यात ओटी नावाच्या रसायनाचे थेंब टाकले. ही साधी टेस्ट ग्रामपंचायतीतही करतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. आमचं गर्द केशरी झालं, म्हणजे क्लोरीन भरमसाट.

दुसऱ्या दिवशी कोणाला न कळवता एसटीने गेले. तलावाच्या काठाशी जॅकवेल असते, म्हणजे पंपाने पाणी उपसायची विहीर. साहेबांनी नमुना तिथूनच घेतला होता. मी बाटली काढली तसा पंपावरचा ऑपरेटर कासावीस झाला.

"मॅडम, सांगून आले असते तर पावडर टाकून ठेवली असती ना."

"कसली पावडर?"

"ब्लिचिंगची. साहेब येनार म्हणलं की आम्ही सकाळीच टाकतो. परवा आल्ते तव्हा बी टाकल्ती. साहेबाला चांगलंच पाणी दाखवावं लागतं."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी कोण येतंय बघाया? गावालाच जातं पाणी."

तो खोटं बोलत नव्हता आणि लाजतही नव्हता. पाहुण्याला स्वच्छ तांब्या द्यावा, तसं पाणीपुरवठा खातं आपल्याच साहेबांना तलाव धुऊन देत होतं.

त्या दिवशीच्या पाण्याच्या प्लेटा ठिपक्यांनी अशा माखल्या, की मोजणं सोडून दिलं. रिपोर्टमध्ये दोन्ही निकाल लिहिले आणि खाली एक ओळ घातली. साहेबांच्या भेटीच्या दिवशी पाणी निर्जंतुक असते, एरवी पिण्यास अयोग्य. साहेबांनी ती ओळ काढायला सांगितली. मी काढली नाही, आणि एक प्रत ग्रामपंचायतीला पाठवली.

ग्रामसभेत साहेबांसमोरच ती वाचली गेली. कौसाबाई शांतपणे उठल्या.

"मंग असं करा साहेब. फिल्टर न्हाई दिला तरी चालंल. तुम्ही रोज येत जा."

कोणी हसलं नाही. साहेब चहा न घेताच जीपमध्ये बसले. महिना उलटायच्या आत फिल्टरचं काम सुरू झालं.

विद्यार्थ्यांना मी पुढे दोन्ही पद्धती शिकवल्या. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला लावायचे: बाटली भरली तेव्हा समोर कोण उभं होतं?