पान पाचवरचे सुरखाब

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्यानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात, डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही चौघे पक्षी पाहायला रायपूरहून अभनपूरच्या दिशेने निघालो. संध्याकाळी सहाला परत आलो. चौघांपैकी तिघांनी पक्षी पाहिले. ज्यांच्यासाठी गेलो होतो, त्यांनी पाहिले नाहीत.

चौघे म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी. नवऱ्याची सिलतऱ्याच्या कारखान्यात रविवारची पाळी होती, त्यामुळे भाड्याची व्हॅन केली होती.

वडील एकाहत्तर वर्षांचे होते. रायपूर ते धमतरी जाणाऱ्या छोट्या, म्हणजे नॅरोगेजच्या लाइनवर त्यांनी आधी कोळशाचं आणि नंतर डिझेलचं इंजिन चालवलं. ड्रायव्हरची नजर रेल्वे ठराविक वर्षांनी तपासते. निवृत्तीपर्यंत एकाही तपासणीत त्यांना चष्मा लागला नव्हता. त्यानंतर साखरेने उजव्या डोळ्याचा पडदा गेला. त्या हिवाळ्यात डाव्यातही रक्त उतरलं. भर उन्हात त्यांना आकार आणि ठळक रंग कळत. तीन-साडेतीननंतर सगळं राखाडी होई. गुरुवारी नागपूरला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की केलं नाही तर हा डोळाही दोन-तीन महिन्यांत जाईल. केलं तर आहे तेवढं राहू शकतं, किंवा त्यातलंही जाऊ शकतं.

शनिवारी सकाळी आईने त्यांना पेपर वाचून दाखवला. वाचून झाल्यावर ते मला म्हणाले, "उद्या मले सुरखाब दाखवून आण. मग काय कापाचं ते कापू दे त्याले."

सुरखाब म्हणजे मराठीतला चक्रवाक. विटकरी-केशरी रंगाचं मोठं बदक. हिवाळ्यात उत्तरेकडून येतं आणि बहुधा जोडीने राहतं. छोट्या लाइनच्या कडेच्या तलावांत ते उतरत. इंजिनातून वडिलांनी ते बरीच वर्षं पाहिले होते.

सुरखाब आल्याची बातमी त्या पेपरात पान पाचवर होती. मी त्याच वर्तमानपत्राच्या डेस्कवर उपसंपादक होते. शुक्रवारी संध्याकाळी पान पाचवर तळाला चार इंचांची जागा रिकामी राहिली. अशा जागांसाठी डेस्कवर एक फाइल असे. थंडीची, पतंगांची, परीक्षेच्या ताणाची अशा दर वर्षी येणाऱ्या बातम्यांची कात्रणं त्यात लावलेली असत. मागच्या डिसेंबरचं कात्रण मी काढलं. अभनपूरच्या पुढे वनखात्याने पक्ष्यांसाठी राखलेल्या तलावावर शेकडो सुरखाब उतरले आहेत, पाहणाऱ्यांची गर्दी वाढते आहे, असा मजकूर होता. मी वार बदलला, एक वाक्य कापलं आणि पान छपाईला सोडलं. वनखात्याचा नंबर टेबलाच्या काचेखाली होता. फोन केला नाही. हे काम सगळेच असं करत. पक्षी दर वर्षी येत असल्याने बातमी खोटी ठरत नसे.

शनिवारी दुपारी मी तो नंबर तीनदा लावला. फोन कोणी उचलला नाही. वडिलांना काही सांगितलं नाही. फोटोग्राफरकडून दुर्बीण मागून आणली.

रविवारी वडील पुढच्या सीटवर बसले. बूढ़ापाऱ्याच्या आमच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला तीनदा टोकलं.

"भैया, हॉर्न कम, ब्रेक ज्यादा."

"हव, बाबूजी."

"हव हव करून राहिला अन् करत कायीच नाही," ते मागे वळून आईला म्हणाले.

आई म्हणाली, "तुमच्या इंजिनाले तरी कुठं वळाचं राहे. तो बिचारा गल्लीतून काढून राहिला."

मुलगी हसली. ती आमचं मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. "नाना, आपका इंजन पीछे भी चलता था?"

"चाले. पण मी पुढंच पाहत होतो."

पावणेअकराला तलावाशी पोचलो. फलक होता, पक्ष्यांची चित्रं होती, पाणी अडवणारा मातीचा बांध, म्हणजे पार होता. पाणी नव्हतं. तळाला भेगा पडल्या होत्या आणि मधल्या ओल्या पट्ट्यात दोन म्हशी बसल्या होत्या. पाराच्या मध्यावर दहा-बारा हात रुंदीचं भगदाड होतं.

चौकीदार खाटेवर बसला होता. पावसाळ्यात पार फुटला, पाणी वाहून गेलं, पक्षी या वर्षी उतरलेच नाहीत, असं त्याने सांगितलं. वर म्हणाला, "अखबार म छाप दे हे, दीदी. बिहनिया ले मनखे आवत हें, मोला गारी देवत हें." पेपरात छापल्यामुळे सकाळपासून लोक येत होते आणि शिव्या त्याला देत होते.

वडील व्हॅनमध्येच होते. काच खाली होती. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "पानी किती हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"कायीच?"

"नाही बाबा."

घड्याळात अकरा वाजले होते. उजेडाचे चार तास उरले होते. आईने डबा उघडला होता, तो तिने परत लावला. मी ड्रायव्हरला विचारलं, आजूबाजूला आणखी कुठे पाणी आहे? त्याला एक माहीत होतं. तिथे पोचायला पाऊण तास लागला. तो तलाव मासेमारीच्या ठेक्यावर दिला होता. पाण्यावर दोऱ्या ताणून चमकत्या पट्ट्या बांधल्या होत्या आणि पक्षी उतरू नयेत म्हणून एक माणूस काठावर डबा बडवत बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दो-चार आए थे, परसों भगा दिए.

इथून पुढे वाट वडिलांनी सांगितली. त्यांना रस्ते माहीत नव्हते, लाइन माहीत होती. "अभनपूरचा आउटर सिग्नल गेला का तीन मैलाचे दगड मोज. मंग फाटक लागते. फाटकाच्या डाव्या हाताले तलाव हाय. आमची गाडी तिथं हळू होये, मले बरोबर दिसे."

मुख्य रस्ता लाइनच्या बाजूने जातो, पण सगळीकडे नाही. जिथे रूळ झाडांआड गेले तिथे ड्रायव्हर उतरून पुढे जाई आणि दगड पाहून परत येई. मुलगी मोठ्याने मोजत होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडाच्या मध्ये रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. आम्हाला उलट फिरून दोन गावांमधून जावं लागलं. एका गावात लग्नाचा मांडव रस्त्यातच होता. तिथे वीस मिनिटं गेली. आईने वडिलांना दोन पोळ्या खायला लावल्या, नाहीतर साखर उतरली असती. खाताना ते दर थोड्या वेळाने विचारत होते, "किती वाजले?" मी दर वेळी खरी वेळ सांगितली.

फाटक राहिलं नव्हतं. त्याची खोली होती, त्यात बकऱ्या बांधल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही डावीकडच्या पारावर चढलो.

तलावात पाणी होतं. पलीकडच्या काठाला, वाळलेल्या झाडाच्या डावीकडे, पाण्यात शिरलेल्या चिखलाच्या जिभेवर नऊ सुरखाब बसले होते. मी दुर्बिणीतून दोनदा मोजले. आईने नुसत्या डोळ्यांनी पाहिले. ती म्हणाली, "हायेत वो. हायेत." तिने वडिलांचा दंड धरला आणि बोट दाखवायला लागली.

वडिलांनी तिचा हात बाजूला केला. "कोणी बोलाचं नाही. कुठं हायेत, किती हायेत, काही सांगाचं नाही."

कारण त्यांनी मुलीला समजावून सांगितलं. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने बोलतो, फायरमन स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच बोलतो. एकाने बोललं म्हणून दुसऱ्याने बोलायचं नाही. ज्याला दिसलं नाही त्याने दिसलं नाही म्हणायचं. दोघांचं जुळेपर्यंत गाडी पुढे काढायची नाही.

"मी ड्रायव्हर. तू फायरमन. मी बोलतो, तू पाह्य अन् सांग."

"ठीक है, नाना."

सूर्य समोरच्या बाजूला कलला होता. पाण्यावर चकाकी होती. वडिलांनी दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली आणि काठ डावीकडून उजवीकडे पाहत गेले. पक्ष्यांवरून दुर्बीण गेली. थांबली नाही. झाडावरून गेली. मग उजवीकडे थांबली.

"उजव्या हाताले. दोन. तांबडे. काठाले बसले हायेत."

मुलीने पाहिलं. उजव्या काठावर दगडांवर दोन लुगडी वाळत घातली होती, विटकरी रंगाची. आईने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी म्हणाली, "नहीं नाना. वो साड़ियाँ हैं. सूख रही हैं."

"बरोबर," वडील म्हणाले.

आई मुलीच्या कानाशी वाकली. "हो म्हणून टाकाचं होतं ना, पोट्टे. काय गेलं असतं तुहं?"

वडिलांना ते ऐकू गेलं. "काहून? गाडी ठोकाची हाय का?" ते म्हणाले आणि पुन्हा दुर्बीण डाव्या टोकाला नेली.

दुसऱ्या वेळी ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी चिखलाच्या जिभेवर त्यांचा हात थांबला. नऊ पक्षी तेव्हा त्यांच्या दुर्बिणीत असणार, असं तिच्या रोखावरून दिसत होतं. ते बराच वेळ थांबले. त्यांच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते चकाकीमुळे. मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली, काच सदऱ्याला पुसली आणि विचारलं, "किती वाजले?"

साडेतीनला पाच मिनिटं कमी होती.

मी पारावरून खाली उतरले. ड्रायव्हर व्हॅनशी उभा होता. त्याला म्हटलं, पलीकडून जाऊन पक्ष्यांना उठव. पक्षी उडाले तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतील, रंग उठून दिसेल, डोक्यावरून गेले तर जवळून दिसतील, असा माझा हिशेब होता. वडिलांना विचारलं नाही. ड्रायव्हर काठाने पळत गेला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

नऊच्या नऊ एकदम उठले. पंखांवरचा पांढरा पट्टा उघडला. ते पाण्यावरून सरळ आमच्याकडे आले, पाराच्या पन्नासेक हात वरून गेले आणि जाताना भोंग्यासारखे ओरडले. मुलगी आणि आई मान वर करून पाहत होत्या. वडिलांनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं. दुर्बीण उचलायला त्यांना वेळ मिळाला नाही. त्यांचे डोळे पक्षी गेले त्याच्या बऱ्याच मागे होते.

पक्षी लाइनच्या पलीकडे गेले.

"आवाज त्याहिचाच हाय," वडील म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "कोणं उडवले?"

"मी सांगितलं भैयाला."

"बसलेलेच राहू द्याचे होते," ते म्हणाले. "बसलेल्यावर नजर ठरते."

आम्ही थांबलो. एक बगळा आला. एक बाई आली आणि लुगडी घडी करून घेऊन गेली. पाऊण तास वडील पारावर उभे होते. आईने सतरंजी अंथरली, ते बसले नाहीत. सव्वाचारनंतर त्यांनी दुर्बीण मुलीच्या गळ्यात घातली. "फायरमन, आता तू पाह्य."

"कुछ नहीं है, नाना."

"नाही ना? मंग चला."

परतताना मुलगी माझ्या आईच्या मांडीवर झोपली. अभनपूर मागे पडल्यावर मी बातमीचं सांगितलं. ती मागच्या वर्षीची होती, वार मी बदलला, कोणाला विचारलं नाही, एवढंच सांगितलं. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

वडील समोर बघत होते. "मले मालूम होतं," ते म्हणाले. "तुही आई वाचत होती तेव्हाच समजलं. मागच्या साली हेच छापलं होतं, असंच. तवा मी सोता वाचलं होतं."

"मग काहून आलात?"

"मले वाटलं, विचारूनच टाकली असशील."

माना गाव आल्यावर वडिलांनी ड्रायव्हरला दिवे लावायला सांगितले. दिवे आधीच लावलेले होते.

सोमवारी मी संपादकांना लेखी कळवलं. त्यांनी कागद वाचून ठेवून घेतला. खुलासा छापला गेला नाही. कात्रणांची फाइल त्याच कपाटात राहिली.

बुधवारी सकाळच्या गाडीने वडील, आई आणि मी नागपूरला गेलो. गुरुवारी ऑपरेशन झालं. सोमवारी पट्टी काढली. खिडकी उघडी होती आणि ऊन पलंगापर्यंत आलं होतं. डॉक्टरांनी हातभर अंतरावर बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. वडील बराच वेळ बघत राहिले.

"मोजता येत नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी हात डावीकडे-उजवीकडे हलवला.

"हात हाय. हलून राहिला."

डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी, मग दोन महिन्यांनी बोलावलं. दोन्ही वेळा हेच तपासलं. दुसऱ्या वेळच्या कागदावर उजव्या डोळ्यासमोर लिहिलं आहे, उजेड जाणवत नाही. डाव्या डोळ्यासमोर लिहिलं आहे, हाताची हालचाल कळते, बोटं मोजता येत नाहीत. त्याखाली तारीख आणि सही आहे.