गोधडीचं पोट

आमच्या घरी येणारा माणूस आधी जमिनीकडे बघतो. हॉलमध्ये कायम एखादी अर्धवट गोधडी पसरलेली असते, तिच्यात सुया टोचलेल्या असतात, आणि पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न खरोखरचा असतो. माझे यजमान निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पेपर घेऊन दारात उभे राहतात आणि विचारतात, "आज बसायला मिळेल, की उद्या येऊ?" मी म्हणते, उद्या या. मग ते कडेकडेने, चोरपावलांनी खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत जातात.

पूर्वी मी ब्लाऊज शिवायचे. कर्वेनगरातल्या अर्ध्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती आणि त्यातल्या बऱ्याच जणींशी माझं भांडणही झालेलं होतं. ब्लाऊज हा भांडणाचाच विषय आहे. गोधडीचं तसं नाही. गोधडी कुणाला घट्ट होत नाही. तरी माझी जीभ मधेमधे घात करतेच. एक बाई त्यांच्या वारलेल्या आईच्या साड्या पिशवीत भरून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गोधडी छान शिवा, पण साड्या कापू नका हं." मी म्हटलं, "मग कपाटातच ठेवा की, तिथे चांगल्या राहतील." त्या रडायला लागल्या. मला स्वतःचा इतका राग आला की मी त्यांना चहा दिला, थालीपीठ दिलं, आणि शेवटी एका साडीचा पदर कापून, त्याच्या कडा दुमडून त्यांच्या हातात परत दिला. बाकीच्यांची गोधडी झाली. आता त्या दिवाळीला न चुकता फराळ पाठवतात.

ही विद्या मला सासूबाईंनी दिली. त्या हिंजवडीकडच्या. म्हणजे हिंजवडी हे नुसतं गाव होतं तेव्हाच्या. आता तिथे कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, त्यांच्या बसगाड्या आहेत आणि त्या बसगाड्यांमध्ये अडकलेली तरुण मुलं आहेत. सासऱ्यांच्या मागे एकेक तुकडा करत सगळी जमीन गेली, आणि काही वर्षांपूर्वी शेवटचं वावर गेलं तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पितळी डबा. डब्यात त्या शेवटच्या वावरातली ज्वारी होती, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. ती कधी दळली गेली नाही. भाकरी दुकानातल्या ज्वारीची व्हायची आणि सासूबाई ती मुकाट्याने खायच्या.

तो डबा फक्त गोधडीसाठी उघडायचा. त्यांच्याकडची रीतच तशी आहे. जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि बाहेरच्या कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. फिरत फिरत शेवटी मध्यभागी तळहाताएवढी जागा उरते. तिला त्या गोधडीचं पोट म्हणतात. ते मिटण्याआधी त्यात ज्वारीचे चार दाणे टाकायचे. "पोट रिकामं ठेवू नाय," सासूबाई सांगायच्या. "उपाशी गोधडीत लेकराला झोप कशी लागंल?" आणि चारी कोपऱ्यांना कापडाची जाड तिकोनी घडी शिवायची, ते गोधडीचे कान. मी पहिल्यांदा मशीनवर शिवते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "शिव की. हाटेलातली भाकरी बी भाकरीच असती." मी मशीनला हात लावला नाही.

त्यांना आमच्या घरात करमत नव्हतं, हे मला कळत होतं. टीव्हीचं त्यांना काही नव्हतं आणि शेजारच्या बायका दार लावून बसायच्या. फक्त गोधडी अंथरली की त्या पलीकडच्या बाजूला येऊन बसत, मी अलीकडच्या. दोन बाजूंनी दोघी आत आत सरकायचो. टाके घालताना त्या बोलायच्या. कुठल्या बांधावर कुणाशी भांडण झालं, कुठली म्हैस कशी लाथ मारायची, वावरातल्या चिंचेखाली कोण निजायचं. एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलणारी ही बाई सुई हातात आली की थांबायची नाही. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर मी इतक्या ऑर्डर्स घ्यायला लागले त्याचं अर्धं कारण तेच होतं.

मग माझ्या मुलीला दिवस गेले. मुलगी आणि जावई दोघंही हिंजवडीतच नोकरीला, आणि राहायलाही तिथेच, एका उंचच उंच टॉवरमध्ये. सासूबाई तिथे एकदाही गेल्या नव्हत्या. घरभरणीलाही नाही. "तिथं माझं काय हाय आता?" एवढंच म्हणायच्या. पण पणतवंडाची बातमी ऐकली आणि त्या उठून कपाटाशी गेल्या. स्वतःच्या दोन मऊसूत सुती साड्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "चल, दोरा आणू."

आम्ही रिक्षाने मंडईत गेलो. मंडईच्या मागच्या बोळात मला हवा तसा जाड सुती दोरा मिळतो. दोरा घेतला, मटार घेतले, आणि येताना सासूबाई एका धान्याच्या दुकानापुढे थांबल्या. पोत्यातला ज्वारीचा दाणा उचलून त्यांनी दाढेखाली फोडला आणि तोंड वाकडं केलं. दुकानदार पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "आजी, घ्यायची असेल तर घ्या. नापास आम्ही कधीच झालोय." सासूबाई हसल्या. रस्त्यात उभं राहून, पदर तोंडाला लावून, पोट धरून हसल्या. त्या आमच्याकडे आल्यापासून त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

गोधडी निम्मी झाली असेल. मुलीचा फोन आला. मी शिवत होते म्हणून फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवला. मुलगी म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. चिडू नकोस. त्यात ते ग्रेन्स घालू नका ना प्लीज. किडे होतात, बुरशी धरते. बाळाच्या अंगाखाली येणार ते. आणि मी सगळं वॉशिंग मशीनला लावणार आहे."

तिचं चुकलं होतं असं मला आजही म्हणवत नाही. पहिलटकरीण होती, धास्तावलेली होती. पण आजी समोर बसून ऐकते आहे हे तिला माहीत नव्हतं आणि मला सांगायला सुचलं नाही. सासूबाईंनी टाका पुरा केला. सुई कापडात टोचली. "नको तर नको," त्या म्हणाल्या. "लेकरू तिचं हाय." मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि पितळी डबा स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवून दिला.

त्या दिवसापासून त्या पलीकडच्या बाजूला बसेनाशा झाल्या. भांडल्या नाहीत, रुसल्या म्हणावं तर तसंही नाही. जेवायच्या, औषध घ्यायच्या, खिडकीशी बसायच्या. मी "आई, या ना, तुमच्या बाजूचं राहिलंय," म्हटलं की "डोळं दुखत्यात," असं उत्तर यायचं. यजमान एकदा मला हळूच म्हणाले, "तिला आता कशातच विचारत नाही कुणी, असं वाटलं असेल." मी त्यांच्यावर खेकसले, कारण तेच मलाही वाटत होतं. जमीन विकताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सही तेवढी घेतली होती. आता हे चार दाणेही गेले. मला भीती वाटायला लागली की ही बाई अशीच खिडकीशी बसून हळूहळू बोलणंच विसरून जाईल.

एक दिवस दोरा संपला म्हणून मी एकटीच मंडईत जाऊन आले. परत येते तो काय, गोधडीचे चारही कान शिवलेले! टाके त्यांचेच, तांदळाच्या दाण्याएवढे. मला इतका आनंद झाला की मी चपला न काढताच आत गेले. त्या पलंगावर पडल्या होत्या. "कान राहिलं होतं. लावलं," म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. पोट मिटायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा बोलावलं. "तुझं तू मीट," एवढंच उत्तर आलं. मी मिटलं. रिकामंच. मुलीला शब्द दिला होता. शेवटची गाठ मारताना मला रडू आलं आणि मग रडू आलं म्हणून रागही आला.

नात झाली. बाळंतपण आमच्याकडेच, बारसंही इथेच. बाळ त्या गोधडीवर हातपाय झाडायचं आणि सासूबाई शेजारी बसून नुसतं बघायच्या. उन्हाळ्याचे दिवस. मी गोधडी हाताने धुवायचे आणि गच्चीवर टाकायचे, तासाभरात कडकडीत वाळायची. पावसाळा लागला तशी मुलगी बाळाला घेऊन हिंजवडीला गेली. सासूबाई दारापर्यंत पोचवायला आल्या. "आजी, तू चल की आमच्याकडे," मुलगी म्हणाली. "बघू," त्या म्हणाल्या. म्हणजे नाही.

आणि मग एका सकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल. "आई, आजीला बोलाव. आधी आजीला बोलाव!" मी सासूबाईंना हाक मारली. तिने फोन फिरवला. बाल्कनीत दांडीवर गोधडी वाळत घातली होती. सलग पावसाची झड, मशीनमधून काढलेली जाड गोधडी, चार दिवस झाले तरी दमटच होती. आणि तिच्या एका कोपऱ्यातून, कानाच्या टाक्यांमधून, हिरवेगार पोपटी कोंब बाहेर आले होते.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ.

"आजी, हे तू केलंस?"

"पोटात नको म्हनलीस तू," सासूबाई म्हणाल्या. "पोटात नाय घातलं. कानात घातलं. तुझी आई मंडईत गेलती तवा."

मला वाटलं आता मुलगी चिडणार. मी मधे पडायला तोंड उघडलं. पण मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. "आजी, अगं इतकी वर्षं डब्यात होतं ना ते? जिवंत कसं राहिलं?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या इस्त्रीचं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि आपल्या मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ."

हिंजवडीच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्यांचा खच होता. त्या काचेतून बघत राहिल्या. लिफ्टमध्ये त्यांनी माझा दंड घट्ट धरला. मुलीने कोपऱ्याची शिवण उसवून ते कोंब एका कुंडीत लावले होते. सासूबाई बाल्कनीत कुंडीजवळ उकिडव्या बसल्या. बोटाने माती चाचपली. "शाळू हाय हा. थंडीतला. ह्या दिवसांत कुनी पेरतं का?" असं म्हणून त्या कोंबांवर रागावल्यासारखं करून त्यांना कुरवाळत राहिल्या. मग कठडा धरून उठल्या आणि खाली पाहिलं. खाली एका कंपनीचा पार्किंगचा तळ होता, गाड्याच गाड्या. तळाच्या फाटकाशी एक जुनं चिंचेचं झाड उभं होतं.

"आपली चिंच," त्या म्हणाल्या. यजमान त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. मी कधी त्यांना आईच्या खांद्यावर हात ठेवताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

आत आल्यावर सासूबाईंनी गोधडी मांडीवर ओढून घेतली आणि उसवलेला कान पाहिला. "सुई दे," मला म्हणाल्या. माझ्या पर्समध्ये सुईदोरा नेहमी असतो. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे सुई मागितली होती. मी दोरा ओवून दिला.

मुलगी बाळाला घेऊन शेजारी बसली. आजी टाका घालणार एवढ्यात तिने त्यांचा हात धरला. "आजी, दाणे?"

"मशीनात घालशील. परत उगवंल."

"उगवू दे," मुलगी म्हणाली. "मी मोठी कुंडी आणते."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. मग पदराच्या टोकाची गाठ सोडली. घरून निघतानाच त्या दाणे बांधून घेऊन आल्या होत्या.