मोटरवाल्याने उतरवलेला भार

जळालेली मोटर दुकानात आली की मोटरवाला आधी तिचा वास घ्यायचा, मीटर नंतर. वास घेतला की मान वर करून म्हणायचा, "पंप कोरडा चालवलात ना?" गिऱ्हाईक चाचरायचं. मग मागच्या बाकावरून त्याची बायको म्हणायची, "कबूल करा भाऊ, आम्ही काही पोलीस नाही. ठेवा इथे आणि परवा या. उद्या येऊन डोकं खाऊ नका."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे त्याचं टेबल, मागे तिचं बाक. तो जळकी तार छिन्नीने तोडून उपसायचा. ती मोटरच्या खाचांत घालायचा कागद कापायची आणि लाकडी साच्याचं हँडल फिरवून तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी करायची. हात असा चालायचा की बघत राहावं, आणि हाताच्या पुढे तोंड! गिऱ्हाइकं तिला समोर वहिनी म्हणायची आणि पाठीमागे रेडिओ. तिला ते ठाऊक होतं. मोटरवाला स्वतः घुमा, दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर बोलला. पण ती माहेरी गेली की त्याचं कामात लक्ष लागायचं नाही. एवढं त्याने तिला कधी सांगितलं नाही, ही गोष्ट वेगळी.

चाळिशी उलटली आणि तिच्या हातून तार निसटायला लागली. खांदा उगाच उडायचा, बसल्या जागी पाय हलायचे. दोन माणसांचं जेवण एकटी जेवायची, तरी कपडे अंगावर लोंबायला लागले. तिला डॉक्टरच्या आधी कळलं होतं. तिचे वडील असेच गेले होते, रस्त्याने झोकांड्या खात, शब्द चघळत. दारूचा थेंब न शिवलेला तो माणूस गावभर दारुडा म्हणून मेला, आणि गावाला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

तपासणीचा निकाल आला तेव्हा ती डॉक्टरसमोर हसली. म्हणाली, "वाटणीत भावाला घर मिळालं, मला हे. माझ्या वाट्याचं मला मिळालं म्हणायचं."

डॉक्टर तरुण बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "मेंदू एवढासा, पण शरीराला मिळणाऱ्या शक्तीचा मोठा हिस्सा तोच खातो. मेंदूच्या पेशीत साखर जाळून शक्ती तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. आईकडून किंवा वडिलांकडून जनुकातली एक चूक वारशाने येते, तिच्यामुळे पेशीत बिघडलेलं प्रथिन बनतं, आणि ते या भट्ट्यांच्याही कामात मोडता घालतं. म्हणजे घरात धान्य आहे, पण चूल धड पेटत नाही. पेशी उपाशी राहतात, थकतात, हळूहळू मरतात."

मोटरवाल्याचा चेहरा उजळला. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी कळलं होतं. "म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय," तो म्हणाला. "कमी व्होल्टेजवर भार ओढायला लावला की मोटर जास्त करंट खाते, तापते आणि जळते."

"तसंच काहीसं," डॉक्टर म्हणाल्या. बिचाऱ्या बाईंना काय ठाऊक, या दोन शब्दांनी केवढा घोटाळा होणार आहे ते. पुढे त्यांनी सांगितलं, भरपूर खाऊ घाला, आणि होईल तेवढं त्यांना चालतं-बोलतं ठेवा. पण मोटरवाल्याचे कान तिथे होतेच कुठे? तापलेल्या मोटरचं काय करायचं हे त्याच्या हाताला पाठ होतं. आधी भार उतरवायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातातून साचा काढून घेतला. मग कात्री घेतली. मग कागद. ती म्हणाली, "अहो, वाकडं कापलं तर कापलं, पुन्हा कापीन. करू द्या की!" तो म्हणाला, "तू नुसती बस. तुझी शक्ती राखायचीय." थोड्या दिवसांनी त्याने तिचं बाक दुकानातून हलवलं आणि तिला घरात खिडकीपाशी आरामखुर्ची आणून दिली. केस तो विंचरायचा, घास तो भरवायचा, पाण्याचा पेला तो धरायचा. ती उठायला लागली की धावत येऊन बसवायचा. अगदी तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्याने तिला.

आणि बोलणं! ती काही सांगायला लागली की हा ओठांवर बोट ठेवायचा. "कशाला जोर घालवतेस? मला कळलं." भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगायचा, "तिला बोलायला लावू नका हं. तिच्या वतीने मी बोलतो." बघा, आयुष्यभर घुमा राहिलेला हा माणूस तिच्या वतीने बोलायला लागला! लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. लोकांचं काय जातं कौतुक करायला? खिडकीपाशी बसलेल्या बाईला कुणी विचारलं नाही.

ती भांडली, अगदी पहिल्यासारखी भांडली. "मी मेले नाहीये अजून," म्हणाली. एकदा हट्टाने उठून भाजी चिरायला बसली, बोट कापून घेतलं, आणि ते रक्त बघून त्याने घरातल्या सगळ्या सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की या आजारात चिडचिड होते, तेव्हा तिचं चिडणंही त्याने आजाराच्या खात्यात टाकून दिलं. पुढे ती भांडेनाशी झाली. त्याला वाटलं, पडला आराम.

लेक परगावी नोकरीला होती. तीही त्याच वाटणीतली वारस, आजार येणार की टळणार हे नाणं उडवण्यासारखं. तिने तपासणी करून घेतली नव्हती. सुट्टीत ती आली आणि आईशेजारी बसली. आई काहीतरी म्हणाली, लेकीला एकही शब्द उमगला नाही. फोनवर हल्ली नेहमी बाबाच का बोलायचे, ते तिला आत्ता कळलं. त्याच आठवड्यात ती दोघांना घेऊन वाचेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेली.

त्या बाईंनी आईला ओठ मिटायला लावले, जीभ फिरवायला लावली. मग विचारलं, "दिवसभरात या किती बोलतात? हाताने काय काय करतात?"

"काही नाही," मोटरवाला म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता हो! "मी काहीच करू देत नाही. सगळी शक्ती राखून ठेवलीय तिची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, ती राखून ठेवता येत नाही. पेशी शक्ती त्या त्या वेळी बनवते आणि वापरून टाकते, आजची उद्याला उरत नाही. उलट जे वापरलं नाही ते जातं. तुमच्यामुळे आजार वाढला असं मुळीच समजू नका, तो वाढणारच होता. पण सवय राहिली असती तर आवाज आणि हात कदाचित आणखी काही काळ टिकले असते."

लेक बापाकडे बघेना. मोटरवाला भिंतीवरच्या जिभेच्या चित्राकडे बघत राहिला.

घरी आल्यावर त्याने दुकान उघडलं, अडगळीतून बाक काढून धुतलं, जागेवर ठेवलं. तिला हाताला धरून आणलं, बसवलं, तिच्यापुढे साचा मांडला आणि तारेचं टोक तिच्या बोटांत दिलं. बोटं मिटली, उडाली, तार खाली पडली. त्याने पुन्हा दिली. पुन्हा पडली. "काही हरकत नाही, सावकाश कर," तो म्हणत होता, "दिवसभर कर. बोल माझ्याशी. काहीही बोल. शिव्या दे मला."

तिने तार बाजूला सारली. सारली म्हणजे काय, हात उडाला आणि तार त्याच्याबरोबर गेली. पण तिला सारायचीच होती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ती काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

तिने पुन्हा सांगितलं. मान उडत होती, लाळ हनुवटीवर आली होती. त्याला कळलं नाही. सवयीने तो म्हणणार होता, असू दे, पण त्याने जीभ चावली. गुडघे टेकून तो तिच्या तोंडाशी कान घेऊन बसला. तिने डोळे मिटले, श्वास गोळा केला, आणि एकेक शब्द ओढून बाहेर काढला.

"तेव्हा... मागत... होते."

या वेळी त्याला सगळं कळलं. दारात एक गिऱ्हाईक पंपाची मोटर घेऊन उभं होतं, आत यावं की न यावं या विचारात. मोटरवाला उठला नाही. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो मोठ्याने रडायला लागला. तिचा हात त्याच्या पाठीवर आला आणि उडाला, पुन्हा आला आणि पुन्हा उडाला. ती थोपटत होती की मारत होती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.